‘इन्फर्नो’ : एका उपेक्षित ध्वनिमुद्रिकेची फेरतपासणी

कीथ एमर्सन हे नाव काढले की रॉक संगीताच्या जाणकारांपुढे काही ठराविक चित्रे उभी राहतात. हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांमध्ये सुरा खुपसून स्वर अडकवून ठेवणारा तरुण. तारांच्या जंजाळाने भरलेल्या, भिंतीएवढ्या मूग सिंथेसायझरपुढे उभा असलेला वादक. १९७४ साली ‘कॅलिफोर्निया जॅम’मध्ये पियानोसकट हवेत गरगर फिरणारा कलावंत. ही चित्रे खोटी नाहीत. एमर्सनने ती स्वतःच हौसेने रंगवली होती. परंतु एखाद्या कलावंताची काही चित्रे एवढी ठळक होऊन बसतात की त्यांच्या चौकटीत न मावणारे काम आपल्या कानांवर पडूनही ऐकू येत नाही. दारिओ आर्जेंतोच्या ‘इन्फर्नो’ (१९८०) या चित्रपटासाठी एमर्सनने केलेले पार्श्वसंगीत अशा कामांपैकी एक आहे, असे आम्हांला वाटते.

ही ध्वनिमुद्रिका दोन बाजूंनी मार खात आली आहे. एमर्सन, लेक अँड पामर या त्रयीचे चाहते तिच्याकडे वळले ते ऑर्गनचा गडगडाट शोधत. त्यांना सापडले पियानो आणि तंतुवाद्ये. भयपटांचे चाहते आले ते ‘सस्पिरिया’ची आठवण मनात ठेवून; त्यांना ही चीज फारच सौम्य वाटली. धड ना इकडची, धड ना तिकडची अशी तिची गत झाली. प्रस्तुत लेखात आम्हांला मांडायचे आहे ते एवढेच : या सौम्यपणात एमर्सनने असे काही साधले आहे, जे त्याला त्याच्या वैभवाच्या काळात क्वचितच साधले होते. दुसऱ्याची रचना हाती घेऊन तो येथे प्रथमच स्वतः मागे सरला आहे.

हे विधान समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

एमर्सनचा जन्म २ नोव्हेंबर १९४४ रोजी इंग्लंडमधील टॉडमॉर्डन या गावी झाला. ‘द नाइस’ या वाद्यवृंदापासूनच त्याला एक खोड होती. गुण म्हणा हवे तर. अभिजात संगीतातील वा जॅझमधील एखादी रचना उचलायची आणि तिला रॉकच्या मांडवात आणून बसवायचे. डेव्ह ब्रूबेकच्या ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’चे नऊ मात्रांचे वळणदार चलन त्याने चार मात्रांत सरळ केले आणि त्यातून ‘रोंडो’ घडवला. १९७० साली ग्रेग लेक आणि कार्ल पामर यांच्यासह नवी त्रयी उभी राहिल्यावर पहिल्याच तबकडीत बार्टोक आणि यानाचेक हजर झाले. पुढे मुसोर्ग्स्कीचे ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ आले. १९७३ च्या ‘ब्रेन सॅलड सर्जरी’मध्ये अर्जेंटिनाच्या आल्बेर्तो जिनास्तेराच्या पियानो कॉन्चेर्तोतील तोकाता आली आणि तिला खुद्द जिनास्तेराने मान्यता दिली. १९७७ मध्ये अ‍ॅरन कोपलंडच्या ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’चे रूपांतर ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

या उसनवारीवर टीका पुष्कळ झाली. अभिजात संगीताचे लोक म्हणाले, ही विटंबना आहे. रॉकचे समीक्षक म्हणाले, हा बडेजाव आहे. दोन्ही आक्षेप आम्हांला तितकेसे पटत नाहीत. संगीतात घेणे-देणे चालायचेच. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. या रूपांतरांत मूळ रचना बहुतेक वेळा एमर्सनसाठी रंगमंच ठरते. मुसोर्ग्स्की असो की कोपलंड, आपण शेवटी पाहत असतो तो एमर्सनच. मूळ रचनेला तो नवे काही म्हणायला लावतो असे फारसे घडत नाही. तो तिच्यावर आरूढ होतो.

१९७७ साल या दृष्टीने महत्त्वाचे. ‘वर्क्स’च्या पहिल्या खंडात एमर्सनने स्वतःचा पियानो कॉन्चेर्तो सादर केला. त्यात लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे संचालन केले होते जॉन मेयर यांनी. मेयर मूळचे कोलकात्याचे. मुंबईत मेहली मेहता यांच्या हाताखाली तयार होऊन ते लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत गेले आणि पुढे ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’मुळे नावारूपाला आले. रॉकमधील सर्वांत गाजलेल्या कीबोर्डवादकाने स्वतंत्र अभिजात रचनेकडे वळताना हात धरला तो अशा माणसाचा, जो दोन संगीतपरंपरांच्या सीमेवर आयुष्यभर उभा होता. या योगायोगाची दखल आपल्याकडे घेतली गेली नाही याचे थोडे आश्चर्य वाटते.

त्याच वर्षी त्रयीने भलामोठा ऑर्केस्ट्रा बरोबर घेऊन अमेरिकेचा दौरा काढला. खर्च असा वाढला की काही कार्यक्रमांनंतर ऑर्केस्ट्राला निरोप द्यावा लागला. त्या दौऱ्यात ऑर्केस्ट्राचे संचालन गॉडफ्री सामन करत होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९७८ ची ‘लव्ह बीच’ ही तबकडी कोणालाच आवडली नाही आणि त्रयी मोडली. तोवर पंकची लाट येऊन गेली होती आणि लांबलचक रचना, अवजड वाद्ये, दिपवून टाकणारी हुकूमत हे सारे कालबाह्य ठरले होते. अशा वेळी रोमहून आर्जेंतोचे बोलावणे आले.

दारिओ आर्जेंतो त्या सुमारास यशाच्या शिखरावर होता. १९७७ च्या ‘सस्पिरिया’ने त्याला जगभर नाव मिळवून दिले होते आणि त्या यशात ‘गॉब्लिन’ या इटालियन वाद्यवृंदाच्या संगीताचा वाटा मोठा होता. कुजबुज, किंचाळ्या, ढोल आणि घंटांसारखी किणकिणणारी सुरावट असे ते संगीत प्रेक्षकाच्या अंगावर धावून येते. ‘इन्फर्नो’ हा त्याच त्रयीतील दुसरा चित्रपट. थॉमस डी क्विन्सीने १८४५ च्या आपल्या गद्यग्रंथात दुःखाच्या तीन देवतांची कल्पना मांडली होती : अश्रूंची, उसाशांची आणि अंधाराची. त्यांना आर्जेंतोने तीन चेटकिणी बनवले. पहिलीचा वास रोममध्ये, दुसरीचा फ्रायबुर्गमध्ये आणि तिसरीचा न्यूयॉर्कमध्ये. ‘इन्फर्नो’ ही त्या तिसरीची, अंधारमातेची कथा. या वेळी मात्र आर्जेंतोला गॉब्लिनचा हल्ला नको होता. अधिक नाजूक काही हवे होते.

यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. गॉब्लिन मंडळी स्वतः इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉकवर वाढलेली. त्यांचा कीबोर्डवादक क्लाउदिओ सिमोनेत्ती एमर्सनचा चाहता. म्हणजे शिष्याचे संगीत फार दणदणीत झाले म्हणून दिग्दर्शक गुरूकडे गेला, आणि तोही गुरू कोण, तर दणदणाटासाठीच प्रसिद्ध असलेला! हे बोलावणे चुकीच्या पत्त्यावर गेले असे कोणालाही वाटावे. पण एमर्सनने मागणी समजून घेतली. गॉडफ्री सामन पुन्हा ऑर्केस्ट्राच्या संचालनाला उभा राहिला आणि शीर्षकसंगीत बेतले गेले ते ऑर्गनभोवती नव्हे, तर पियानोभोवती.

शीर्षकसंगीताची सुरावट ऐकावी. पियानोवर एक आकृती स्वतःभोवती फिरत राहते आणि तंतुवाद्ये तिच्यावर एक उदास, काहीशी जुन्या वळणाची स्वररेषा काढतात. यात वादकाची हुकूमत दाखवण्याचा मोह कोठेही दिसत नाही. भयाचे म्हणावे असेही फारसे काही नाही. आहे ती एक प्रकारची खिन्नता. आमच्या मते हीच या संगीताची पहिली समज आहे. ‘इन्फर्नो’त माणसे घाबरून मरत नाहीत, कुतूहलाने मरतात. रोझ एक जुने पुस्तक वाचते, आपण राहतो ती इमारतच अंधारमातेचे घर असावी अशी तिला शंका येते, आणि ती तळघरात उतरते. सारा तेच पुस्तक शोधत रोमच्या ग्रंथालयात जाते. ज्याला त्याला काहीतरी जाणून घ्यायचे आहे. ‘सस्पिरिया’चे संगीत पहिल्या क्षणापासून ‘पळा’ म्हणते. एमर्सनचा पियानो ‘या, आत या’ म्हणतो. आणि आत गेलेल्याचे काय होणार हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो खिन्न आहे.

परंतु या ध्वनिमुद्रिकेचे खरे मर्म दुसरीकडे आहे, ‘टॅक्सी राइड’ या छोट्या तुकड्यात. त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’ (१८४२) या ऑपेरातील ‘व्हा, पेन्सिएरो’ हे समूहगान इटालियन माणसाला सांगावे लागत नाही. बॅबिलोनमध्ये बंदिवान असलेले ज्यू गुलाम हरवलेल्या मायभूमीची आठवण काढतात, असा त्याचा प्रसंग. इटलीच्या एकीकरणाच्या चळवळीशी त्याचे नाते पुढे एवढे घट्ट जोडले गेले की ते जणू दुसरे राष्ट्रगीतच झाले. १९०१ मध्ये व्हेर्दीच्या अंत्ययात्रेच्या वेळी तोस्कानिनीच्या संचालनाखाली सुमारे ८०० गायकांनी ते म्हटले होते. असे हे गीत ‘इन्फर्नो’त तीन वेळा तीन रूपांत येते.

प्रथम ते रोममधील संगीताच्या वर्गात वाजते. मार्क हा विद्यार्थी न्यूयॉर्कहून आलेले आपल्या बहिणीचे, म्हणजे रोझचे पत्र वाचू पाहतो आहे. वर्गात व्हेर्दी जसाच्या तसा घुमतो आहे. आणि मांजर मांडीवर घेतलेली एक अनोळखी सुंदर तरुणी मार्ककडे टक लावून, ओठ हलवत, आवाज न करता काही पुटपुटते. पत्र मागे राहते आणि साराच्या हाती पडते. ती ते वाचते आणि भर पावसात टॅक्सी करते. येथे तीच सुरावट दुसऱ्यांदा येते, आता एमर्सनच्या हातची. व्हेर्दीचे चार मात्रांचे संथ, झोके घेणारे चलन मोडून त्याने ती पाच मात्रांत बसवली आहे. लय द्रुत, साथीला ताल आणि सिंथेसायझर. ही कल्पना रोमच्या दगडी फरसबंदीवर टॅक्सीला बसणाऱ्या हादऱ्यांवरून सुचली, असे एमर्सनने सांगितले होते. पाच मात्रांचा हिशेब झपताल ऐकलेल्या मराठी कानाला परका नाही. पण झपतालात दोन-तीन, दोन-तीन अशी डौलदार चाल असते. येथे प्रत्येक आवर्तनात एक पाऊल जास्त पडते आणि मागे कोणी लागल्यासारखे गीत पळू लागते.

तिसऱ्यांदा ते साराच्या घरी येते. ग्रंथालयातून जीव वाचवून ती परतली आहे, भीतीपोटी तिने शेजारच्या कार्लोला सोबतीला बोलावले आहे आणि तबकडीवर ‘व्हा, पेन्सिएरो’ लावले आहे. विजेचा लपंडाव सुरू होतो. दिवे जातात तेव्हा संगीत तुटते, येतात तेव्हा पुन्हा सुरू होते. गीत, शांतता, गीत, शांतता; आणि या खेळातच दोघांचा अंत होतो.

या तिन्ही प्रसंगांकडे एकत्र पाहिले म्हणजे एमर्सनने काय केले ते उमगते. त्याचा तुकडा स्वतंत्रपणे ऐकला तर व्हेर्दीचे आणखी एक रॉक रूपांतर एवढेच त्याचे मोल वाटेल. ‘फॅनफेअर’ची धाकटी बहीण म्हणावी अशी. पण तो मधला टप्पा आहे. आधी अखंड गीत, नंतर लंगडणारे गीत, शेवटी तुकडे झालेले गीत. ज्या सुरावटीवर एका समाजाने आपले घर, आपली भूमी, आपली सामूहिक सुरक्षितता यांची भावना वाहिली, तीच क्रमाक्रमाने असुरक्षित होत जाते. मायभूमीच्या ओढीचे गाणे अशा मुलीची सोबत करते, जिला स्वतःच्या घरातही आसरा मिळणार नाही. हा अर्थ एकट्या एमर्सनचा नाही. प्रसंगांची योजना आर्जेंतोची आहे. परंतु मधला दुवा कच्चा असता तर साखळी जुळली नसती. गीत ओळखू तर यायला हवे आणि तरी बिघडलेले वाटायला हवे, ही अट त्याने नेमकी पाळली. ज्याने ब्रूबेकचे वाकडे चलन एकदा सरळ करून स्वतःच्या मिरवणुकीला जुंपले, त्याने व्हेर्दीचे सरळ चलन येथे वाकडे केले आणि ते कथेच्या स्वाधीन केले. या कामात आम्हांला दिसते ते हे.

आणखी एका साम्याकडे लक्ष वेधतो. ‘सस्पिरिया’ची सुरुवातही भर पावसातील टॅक्सीनेच होते आणि दोन्ही चित्रपटांत चालकाची भूमिका फुल्व्हिओ मिंगोत्सी या एकाच नटाने केली आहे. म्हणजे आर्जेंतोने एमर्सनला गॉब्लिनच्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगाशी थेट तुलना होईल अशा जागी उभे केले होते. तेथे गॉब्लिनच्या थाटात उत्तर देणे सोपे होते. एमर्सनने उत्तर दिले ते व्हेर्दीच्या तोंडून.

सगळेच असे जमले आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ‘मातेर तेनेब्रारुम’ हा ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत प्रसिद्ध तुकडा. लॅटिन वृंदघोष, रॉकचा ठेका, चढत जाणारा कल्लोळ. त्यात जोर आहे, आणि चित्रपटाच्या अखेरीस, आगीच्या प्रसंगाभोवती तो शोभूनही दिसतो. पण जेरी गोल्डस्मिथच्या ‘द ओमेन’ला (१९७६) ऑस्कर मिळाल्यानंतर लॅटिन वृंदघोष हा भयपटांचा राजमार्ग झाला होता, एमर्सन येथे त्या रस्त्याने गेला. ज्यांना ही ध्वनिमुद्रिका आवडते ते बहुधा या तुकड्यासाठी, आणि ज्यांना आवडत नाही त्यांची तक्रार असते की बाकीचे सारे असे का नाही. आम्हांला वाटते, दोघेही चुकीच्या दाराशी उभे आहेत.

काही तुकडे चित्रपटाबाहेर टिकत नाहीत. मांजरांच्या हल्ल्याचे संगीत दृश्यावाचून ऐकण्यात हशील नाही. पुराणवस्तूंचा विक्रेता काझानियन सेंट्रल पार्कच्या तळ्यात मांजरे बुडवायला जातो आणि उंदरांच्या तावडीत सापडतो, त्या प्रसंगाला एमर्सनने तारांतेल्ला नावाच्या नृत्याची चाल दिली. कोळी चावल्यावर विष उतरवण्यासाठी बेभान नाचायचे अशी दक्षिण इटलीतील समजूत या नृत्याशी निगडित आहे, हे ठाऊक असेल तर त्यातील क्रूर विनोद कळतो. नसेल तर ती निव्वळ धावपळ वाटते. शेवटच्या तुकड्याचे नाव ‘सिगरेट्स, आइसेस, एटसेटरा’ आहे. इंग्लंडच्या चित्रपटगृहांत मध्यंतरात विकल्या जाणाऱ्या जिनसांची ती आठवण. थट्टा चांगली आहे, संगीत यथातथा.

मग ही ध्वनिमुद्रिका विस्मृतीत का गेली? एक कारण साधे आहे. चित्रपटच लोकांपर्यंत धड पोहोचला नाही. त्यामागे ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्ससारखी मोठी कंपनी असूनही अमेरिकेत तो वर्षानुवर्षे पडून राहिला आणि १९८६ मध्ये नावापुरता प्रदर्शित झाला. दुसरे कारण आमच्या मते अधिक खोल आहे. रॉकच्या इतिहासकारांना आलेख काढण्याची हौस फार : उदय, शिखर, अधःपतन. प्रोग्रेसिव्ह रॉकचा आलेख १९७७ च्या आसपास खाली आणायचा हे एकदा ठरून गेले की त्यानंतरचे सारे आपोआप उतारावरचे ठरते, आणि उतारावरचे काम कोणी कान देऊन ऐकत नाही. एमर्सनने पुढेही चित्रपटांसाठी पुष्कळ काम केले. ‘नाइटहॉक्स’ (१९८१) झाला, लुचिओ फुल्चीचा ‘मर्डररॉक’ (१९८४) झाला, ‘ला किएझा’ (१९८९) झाला, थेट जपानच्या ‘गॉडझिला : फायनल वॉर्स’पर्यंत (२००४) मजल गेली. ही सारी कामे ‘उदरनिर्वाह’ या एका शब्दात गुंडाळली जातात. त्यांतील काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. ‘इन्फर्नो’च्या बाबतीत नाही.

आर्जेंतोने या त्रयीचा तिसरा चित्रपट काढला तो २००७ मध्ये, आणि संगीतासाठी पुन्हा सिमोनेत्तीला बोलावले. २०१८ मध्ये ‘सस्पिरिया’ नव्याने आला तेव्हा चर्चा झाली ती मूळ गॉब्लिनची आणि नव्या संगीतकाराची, टॉम यॉर्कची. मधला माणूस दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

त्याआधी, मार्च २०१६ मध्ये, एमर्सनने कॅलिफोर्नियात आपल्या राहत्या घरी आयुष्य संपवले होते. उजव्या हाताच्या विकाराने त्याला कित्येक वर्षे ग्रासले होते, जपानचा दौरा तोंडावर होता, आणि पूर्वीसारखे वाजवता येणार नाही ही धास्ती त्याच्या मनाला लागून होती, असे निकटवर्तीयांनी तेव्हा सांगितले. एखाद्याच्या मृत्यूवरून तात्पर्य काढण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण त्या बातमीनंतर ‘इन्फर्नो’ पुन्हा ऐकताना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहिली नाही. ज्या वेगावर, ज्या हुकमतीवर जगाने त्याला मोजले आणि कदाचित त्यानेही स्वतःला मोजले, तिची या संगीताला जवळपास गरजच पडलेली नाही. शीर्षकसंगीताचा पियानो बोटांच्या चपळाईवर उभा नाही. व्हेर्दीच्या गीताला एक मात्रा जादा देणे हे कानाचे आणि बुद्धीचे काम आहे, मनगटाचे नव्हे.

त्या हातांचे कौतुक जगाने पुरेसे केले. त्यांच्यामागच्या कानाला दाद द्यायची असेल, तर ही तबकडी पुन्हा ऐकावी. ‘मातेर तेनेब्रारुम’ शेवटी ठेवावे आणि सुरुवात पावसातल्या त्या टॅक्सीपासून करावी.